टाकीतलं मीठ उडून जात नाही

"खाऱ्या पाण्याची टाकी आहे, मग पाणी कमी झालं की खारंच घालणार ना!" समुद्री मासे नव्याने पाळणाऱ्यांकडून हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, मे महिना, पाणी तापू नये म्हणून टाकीवर छोटा पंखा. पातळी रोज थोडी उतरते आणि घरमालक इमानेइतबारे मिठाचं पाणी कालवून ती भरून काढतो. मग कधीतरी मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकू लागतात.

वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. मुलुंड-भांडुपची मिठागरं याच जोरावर चालली. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटरच्या टाकीत साडेतीन किलो. दहा लिटर पाणी उडालं आणि तेवढंच खारं पाणी ओतलं, की 350 ग्रॅम मीठ जास्तीचं आत गेलं. क्षारता, म्हणजे एका किलो पाण्यातले क्षार, 35 ग्रॅमवरून 38.5 वर. पुन्हा तसंच केलं की 42. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, तेही आरओचं.

पण समुद्रात जन्मलेल्या माशाला जरा जास्त मिठाचं एवढं काय? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

हाडं असलेल्या समुद्री माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच क्षार असतात. त्यामुळे मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतं तसं माशाच्या अंगातलं पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर झिरपतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. चहूकडे पाणी असून मासा कायम सुकण्याच्या बेतात! म्हणून तो समुद्र पितो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथने 1930 मध्ये दाखवून दिलं. प्यायलेल्या पाण्याबरोबर मीठही आत येतं. मॅग्नेशिअम आणि सल्फेट मूत्रपिंडं बाहेर काढतात, पण माशाचं मूत्र रक्ताहून खारट होऊ शकत नाही, मग सोडिअम-क्लोराइड जाणार कुठून? कल्ल्यांतून, हे पुढे एन्सेल कीज यांनी ईल माशावर प्रयोग करून सिद्ध केलं. आहारातल्या चरबीवरून पुढे ज्यांचं नाव जगभर गाजलं, तेच हे कीज.

कल्ल्यांत यासाठी खास पेशी असतात, तंतुकणिकांनी (मायटोकॉन्ड्रिया, पेशीची ऊर्जाघरं) गच्च भरलेल्या. त्यांच्या रक्ताकडच्या भिंतीत सोडिअम-पोटॅशिअम पंप असतो. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चून तो तीन सोडिअम पेशीबाहेर फेकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो. गंमत अशी की तो सोडिअम समुद्राकडे नाही, उलट रक्ताकडे फेकतो. त्यामुळे पेशीत सोडिअमचा तुटवडा होतो आणि रक्तातलं सोडिअम दुसऱ्या एका प्रथिनाच्या दारातून पुन्हा आत घुसतं. ते दार एका सोडिअमबरोबर एक पोटॅशिअम आणि दोन क्लोराइड घेतल्याशिवाय उघडतच नाही. पेशीत क्लोराइड साचतं आणि समुद्राकडच्या नळीतून बाहेर पडतं. क्लोराइडचा ऋण भार बाहेर गेला, आत धन भार उरला, की त्या ओढीने सोडिअम दोन पेशींमधल्या फटीतून समुद्रात जातं. पंप एका बाजूला आणि मीठ दुसऱ्याच बाजूने बाहेर!

हा सोडिअम-पोटॅशिअम पंप शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत सापडला, त्यासाठी 1997 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि ती क्लोराइडची नळी आपल्यातही असते. ती बिघडली की सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार होतो, त्या रुग्णांचा घाम जास्त खारट असतो.

तर क्षारता वाढली की हे सगळं जास्त जोरात चालवावं लागतं, आणि वाढीव पंप उभे करायला माशाला दिवस लागतात, तास नव्हे. प्रवाळ आणि तारामासे यांच्याकडे अशी यंत्रणाच नाही. बाहेरचं पाणी बदललं की आतलंही बदलतं, म्हणून ते आधी माना टाकतात. मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" म्हणणाऱ्या वास्तुवाल्यांनी आधी टाकीची क्षारता मोजावी.

मोजायला रीफ्रॅक्टोमीटर बरा, पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून तो क्षारता सांगतो. स्वस्तातले बरेच नुसत्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, त्यात खरं 35 हे साधारण 36.5 दिसतं. म्हणून 35 च्या प्रमाणित द्रावणानेच तो जुळवून घ्यावा. हायड्रोमीटर (पाण्याची सापेक्ष घनता मोजणारं साधन) असेल तर 25 अंश सेल्सिअसला 1.026 हा आकडा धरा. फिरत्या काट्याचा हायड्रोमीटर असेल आणि काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले, तर तो उगाच वर चढतो.

100 लिटरच्या टाकीत 38.5 वरून खाली यायचं तर रोज तीन लिटर काढून तीन लिटर गोडं घाला, तीन दिवसांत 35 च्या आसपास याल. उलट क्षारता 32 वर घसरली असेल, तर तेव्हा मात्र उडालेल्या पाण्याच्या जागी 35 चं खारं पाणी चालतं. तीन लिटरमागे ती साधारण एकाने चढते. मीठ बादलीत पूर्ण विरघळवून घ्या, कोरडं टाकीत टाकू नका. आणि किराण्यातलं खडे मीठ तर नकोच. मिठागरात कॅल्शिअम आधीच जिप्समच्या रूपात खाली बसतं, मॅग्नेशिअम उरलेल्या पाण्याबरोबर सोडून दिलं जातं, मधलं सोडिअम क्लोराइड तेवढं आपल्या डब्यात येतं.

पातळीची खूण काचेवर मार्करने करून ठेवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं, तेव्हा मेच्या सवयीने रोजचा ठरावीक तांब्या ओतू नका, खुणेपर्यंतच भरा. खाली संप, म्हणजे पंप आणि गाळणी ठेवलेली जोडटाकी, असेल तर खूण वरच्या टाकीवर करून उपयोग नाही. तिथली पातळी हलत नाही, पाणी कमी होतं ते पंपाच्या कप्प्यात.