झाड गेलं, सावली उरली : खानदेशातल्या एका शोकाची पार्श्वभूमी

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या, तेव्हा त्यांची गाणी घराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी जमेल तसं उतरवून घेतलं. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांनी ती उचलून धरली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली.

आज बहिणाबाई म्हटलं की शाळेच्या भिंतीवरच्या ओळी आठवतात. उभ्या पिकातलं ढोर होणारं मन, चुलीवरचा तवा, सुगरणीचा खोपा. या ओळींवर माझंही प्रेम आहे. पण त्या इतक्या वेळा सुविचार म्हणून लिहिल्या गेल्या, की त्यांच्या मुळाशी असलेलं दुःख हळूहळू दिसेनासं झालं. बहिणाबाईंना वयाच्या तिसाव्या वर्षी वैधव्य आलं. पदरात तीन मुलं होती. त्या दुःखातून आलेलं हे कडवं पाहा :

सांग सांग धर्तीमाता
अशी कशी जादू झाली
झाड गेलं निंघीसनी
मांघे सावली उरली

झाड नाही आणि सावली आहे. नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईचं याहून नेमकं वर्णन मी मराठीत वाचलेलं नाही. त्यांनी प्रश्न कुणाला विचारला आहे तेही पाहा. भटजीला नाही, जोशाला नाही. ‘नको नको रे जोतिषा’ म्हणून जोशाला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं. झाडाचं काय झालं, हे जमिनीलाच ठाऊक असणार.

ही दृष्टी एका बाईच्या मनात एकाएकी उगवली नाही. तिच्यामागे निदान सहा-साडेसहा शतकांची वाट आहे.

१२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत थोरले बंधू निवृत्तिनाथ सावरू पाहतात आणि त्यांना सावरता येत नाही. निवृत्तिनाथ हे धाकट्या भावाचे गुरू. आत्मा अमर असल्याचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही अभंगात त्यांच्या तोंडी येतं ते असं : बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी जावं, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं. आळा म्हणजे पेंढी बांधायचा गवताचाच वळलेला बंद. तो सुटला की पेंढी उरत नाही, नुसत्या काड्या उरतात. आई-वडील आधीच गेलेलं ते चार भावंडांचं घर डोळ्यांपुढे आणलं की हा दृष्टान्त अंगावर येतो. ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला, त्यांना त्याचा अर्थ विचारावा लागला नसेल. त्यांच्या हातांना तो ठाऊक होता.

दुसरी वाट जात्याची. पहाटे जात्याला बसलेली बाई ‘जात्या ईस्वरा’ म्हणून त्याला हाक मारते आणि दिवसभर कुणाला सांगता येत नाही ते त्याला सांगते. माहेर, भाऊ, मेलेलं मूल, कुंकू. खानदेशातल्याच अमळनेरला काही वर्षं शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा साठा चाळताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. शोकाचा शब्द एकटा येत नाही. त्याच्यासोबत विहीर येते, बाभूळ येते, वळवाचा पाऊस येतो. बहिणाबाईंच्या गाण्यांचा साचा याच ओवीचा आहे.

आता त्याच जळगावातली दुसरी गोष्ट. १९०७ साली तिथे कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या, विशीही न गाठलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. त्या वर्षी बहिणाबाई त्याच गावात नांदत होत्या. वय सत्तावीस. कविसंमेलन भरलं ती जागा आणि चौधरींचा वाडा यांत जे अंतर होतं, ते पावलांनी मोजण्यासारखं नव्हतं.

बालकवींचा निसर्ग डोळ्यांचा आहे. हिरवळ, ऊन-पावसाचा खेळ, झऱ्यात पाय सोडून बसलेला औदुंबर. मराठीत निसर्ग इतका सुंदर पूर्वी कधी दिसला नव्हता. पण जसजसं वय वाढलं, तसं त्या सौंदर्याच्या खालून काहीतरी काळं वर येऊ लागलं. ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’ असं ते विचारतात, आणि या प्रश्नाला उत्तर देणारी धर्तीमाता त्यांच्यापाशी नाही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ते गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे. त्यांना मुलासारखं घरात ठेवून घेणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यानंतर वर्षभराने, मे १९१९ मध्ये गेले. त्या घरातल्या बालकवींच्या आठवणी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात अशा लिहिल्या आहेत, की रुसणारा, रमणारा तो मुलगा आजही समोर दिसतो.

एकच जिल्हा, दहा वर्षांच्या अंतराने जन्मलेली दोन माणसं. बालकवींना मोठं मानत आलो आहोत आणि ते मोठे आहेतच. तरी दुःखाच्या वेळी मी बहिणाबाईंकडे जातो. बालकवी झाडाकडे बघतात. बहिणाबाईंना त्या झाडाखाली उद्याही निंदायचं आहे. नवरा गेला म्हणून पेरणी थांबत नाही, आणि त्या न थांबण्यातच त्यांना बियाणं दिसतं, धरित्रीच्या कुशीत निजलेलं. जगणं आणि मरणं यांत एका सासाचं अंतर आहे, हे त्यांनी सांगितलं ते याच कामाच्या मधे. शोक आणि पेरणी एकाच दिवसात बसवणं ही मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

ही गाणी उशिरा आली, पण वेळेवर आली असंही म्हणता येईल. १९४६ साली पती गमावलेल्या इंदिरा संत यांचा ‘शेला’ हा कवितासंग्रह १९५१चा. बेळगावात राहणाऱ्या या सुशिक्षित कवयित्रीच्या आयुष्यात आणि जळगावच्या शेतकरी बाईच्या आयुष्यात साम्य थोडंच. तरी इंदिराबाईसुद्धा पुढे पावसाशीच बोलल्या. माझ्या चंद्रमौळी घरावर असा अवेळी धिंगाणा नको, म्हणून त्याला विनवत राहिल्या. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ‘अरे संसार संसार’ घराघरांत पोचलं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला, कधी शाळेत न गेलेल्या बहिणाबाईंचं नाव मिळालं.

बहिणाबाईंची बोली लेवागणबोली, खानदेशातल्या लेवा समाजाची. तिच्यात ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, कळे ‘कये’ होतं. मुलांना शिकवताना हे शब्द प्रमाण मराठीत आणून सोपे करू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘माझं दैव माले कये’ यातला ‘कये’ बदलला की ती बाई तिथून उठून जाते.

सोपानदेव आणि पितांबर जवळ असताना जे म्हटलं गेलं, तेवढं कागदावर आलं. एकटीने तणकटात वाकून म्हटलेलं, पहाटे पोरं झोपलेली असताना म्हटलेलं, ते जिथं म्हटलं तिथेच राहिलं. ‘लेक बहिनाच्या मनी किती गुपितं पेरली’, असं सरस्वतीबद्दल त्याच म्हणतात. सांगितली किंवा शिकवली असं म्हणत नाहीत. पेरली म्हणतात.