दात्याचे पाच दिवस एका दिवसावर आणता येतील?

ज्याला काहीही झालेलं नाही अशा माणसाला औषध टोचायचं, तेही दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून. रक्ताच्या मूळपेशींच्या दानात नेमकं हेच घडतं. फायदा एकाचा, त्रास दुसऱ्याचा. त्यामुळे इथे औषधाची परीक्षा जास्त कडक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रक्तातल्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून तयार होतात त्या या मूळपेशी हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत राहतात. पूर्वी दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढत. आता बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या पेशी वेगळ्या करतात. पण रक्तात त्या एरवी नावापुरत्याच असतात, म्हणून आधी त्यांना मज्जेतून बाहेर काढावं लागतं.

त्यासाठी रूढ औषध म्हणजे जी-सीएसएफ. वजनाच्या दर किलोमागे साधारण १० मायक्रोग्रॅम, रोज, चार-पाच दिवस. त्यामुळे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि त्यांच्यातून सुटणारी विकरं मूळपेशींना मज्जेत धरून ठेवणारे धागे कापतात. औषध खात्रीचं आहे, पण दात्याची कंबर आणि मांड्या ठणकतात, डोकं दुखतं. क्वचित प्लीहा फुटल्याचीही नोंद आहे.

दुसरं औषध सापडलं ते भलतंच काही शोधताना. प्लेरिक्साफॉर तयार झालं एचआयव्हीविरुद्ध. हा विषाणू पेशीत शिरताना पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीएक्ससीआर४ नावाच्या ग्राहीचा (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाचा) वापर करतो, ती ग्राही बंद करायची अशी कल्पना होती. चाचणीत स्वयंसेवकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि कोडं उलगडलं. मूळपेशी मज्जेला धरून राहते तीही याच ग्राहीने. मज्जेतल्या आधारपेशी सीएक्ससीएल१२ हे प्रथिन सोडतात आणि ग्राही त्याला पकडते. ती पकड सुटली की पेशी रक्तात उतरते, तीही काही तासांत. अमेरिकेत २००८ साली या औषधाला मान्यता मिळाली, पण जी-सीएसएफच्या जोडीने, आणि ज्यांच्या स्वतःच्याच पेशी काढून नंतर त्यांनाच परत द्यायच्या आहेत अशा मायलोमा व लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगांच्या काही रुग्णांसाठी. निरोगी दात्यांना ते एकटंच देऊन पाहिलं, तेव्हा काहींकडून एका दिवसात पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत.

म्हणून त्याला जोडीदार शोधला गेला. जीआरओ-बीटा हे प्रथिन न्यूट्रोफिलवरच्या सीएक्ससीआर२ ग्राहीला चिकटतं आणि त्यांच्यातून एमएमपी-९ हे विकर सुटतं. म्हणजे एक औषध पकड सोडवतं, दुसरं वाट मोकळी करतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही जोडी दिलेल्या उंदरांच्या रक्तात पंधरा मिनिटांत मूळपेशींची भरती आली. पुढे या प्रथिनाचं एक रूप प्लेरिक्साफॉरसोबत निरोगी स्वयंसेवकांनाही देऊन पाहिलं गेलं.

अशा चाचणीत आधी एकेक औषध वेगळं देतात, मात्रा हळूहळू वाढवतात, मगच दोन्ही एकत्र. खरी कसरत वेळेची असते. एकाचा परिणाम चढायला तास लागतात, दुसऱ्याचा मिनिटांत होतो. मधलं अंतर चुकलं तर दोन्ही भरत्या एकमेकींना गाठतच नाहीत. म्हणून ठरावीक वेळाने रक्त काढून सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी मोजतात. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख अशा पेशी लागतात. ५० लाख मिळाल्या तर डॉक्टरांचा जीव भांड्यात पडतो. पण ही खूण अंगावर असलेली प्रत्येक पेशी अस्सल मूळपेशी नसते. म्हणून त्या प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडून महिनोन्महिने रक्त तयार करत राहतात का, हेही तपासतात.

पेशी गोळा होत असताना दाता बहुधा दोन्ही हातांत सुया घेऊन चार-सहा तास पडून असतो. रक्त यंत्रात जातं, हव्या त्या पेशी पिशवीत उतरतात, उरलेलं रक्त परत अंगात येतं. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात. संध्याकाळी पेशी मोजल्यावर कमी भरल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा याच खुर्चीत यावं लागतं.