शिधा की शिजवलेलं अन्न : इंदूरच्या अन्नदानातला जुना पेच

इंदुरात भुकेल्यांसाठी काम करणारी कुठलीही मंडळी एकत्र बसली की पहिल्याच बैठकीत एक प्रश्न निघतो. कोरडं द्यायचं की शिजवून? स्वयंसेवकांच्या तोंडी हे हिंदीतून येतं, ‘सूखा राशन’ की ‘पका खाना’. आपल्या घरांत यासाठी जुने शब्द आहेत, शिधा आणि जेवण. वरकरणी ही सोयीची बाब वाटते. पण कोणाच्या पोटात अन्न पडणार आणि कोण वगळलं जाणार, हे या एका निवडीवर ठरतं.

आपण ‘अन्नछत्र’ आणि ‘सदावर्त’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, तिथून घोळ सुरू होतो. अन्नछत्र म्हणजे मुळात अन्नसत्र. यज्ञाच्या सत्रातलं ते ‘सत्र’, डोक्यावरच्या छत्राशी त्याचा संबंध नाही. तिथे पंगत बसते, शिजवलेलं वाढलं जातं. सदावर्त म्हणजे ‘सदाव्रत’, रोज न चुकता करायचं दान, आणि त्याचं नेहमीचं रूप कोरड्या शिध्याचं. पीठ, डाळ, मीठ, थोडं तूप, कधी सरपणही. हा फरक उगाच पडला नव्हता. यात्रेकरू, बैरागी, सोवळं पाळणारे लोक दुसऱ्याच्या हातचं खात नसत. शिधा घ्यायचा, नदीकाठी तीन दगडांची चूल मांडायची आणि आपलं आपण रांधायचं. ज्याला स्वतः शिजवता येतं त्याचा मान शिध्यात राखला जाई. आजारी, अपंग, म्हातारा किंवा अगदीच निराधार माणूस मात्र पंगतीशिवाय जेवू शकत नसे. जुन्या व्यवस्थेत या दोन्ही गरजा वेगळ्या धरलेल्या होत्या. पुढे शब्द एकमेकांत मिसळले आणि त्यांच्याबरोबर हे भानही सुटलं, असं मला वाटतं. ‘शिधापत्रिका’ या शब्दात तो शिधा अजून टिकून आहे, पण रोज उच्चारूनही आपल्याला तो ऐकू येत नाही.

अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत चालवलेल्या सदावर्तांबद्दल इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. लक्षात ठेवायची गोष्ट पैशाची आहे. हा खर्च प्रामुख्याने होळकरांच्या ‘खासगी’तून होत असे. दौलत, म्हणजे राज्याचा महसूल, वेगळी आणि खासगी वेगळी. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना पेशव्यांकडून मिळालेल्या उत्पन्नापासून ही खासगी सुरू झाली. देणगीचा पैसा राज्यकारभाराच्या पैशात मिसळायचा नाही, हा तिचा पाया. आज एखाद्या छोट्या संस्थेचा खजिनदार धान्याच्या देणग्यांची वही वेगळी ठेवतो, तेव्हा तोही तेच करत असतो.

एकोणिसाव्या शतकावर फार थांबायचं कारण नाही. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ या म्हणीवर माळव्याचा विश्वास होता. 1899-1900 च्या छप्पन्या दुष्काळाने त्या विश्वासाला तडा दिला.

शहराच्या भुकेचं आजचं रूप मात्र गिरण्यांनी घडवलं. मालवा मिल, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी. या भोंग्यांवर परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगरची घड्याळं चालत. कामगाराची भूक तेव्हा दिसत नसे, कारण ती किराणावाल्याच्या उधारीच्या वहीत झाकलेली असे. पगार झाला की वही चुकती. 12 डिसेंबर 1991 ला हुकुमचंद मिल बंद पडली आणि वही चुकती होणं थांबलं. कामगारांची देणी, सुमारे 224 कोटी रुपये, मार्गी लागली ती डिसेंबर 2023 मध्ये. मधल्या बत्तीस वर्षांत किती घरांनी एक वेळचं जेवण सोडलं, याची नोंद कुणाकडेच नाही. ही माणसं भंडाऱ्याच्या रांगेत उभी राहणारी नव्हती. त्यांच्याकडे चूल होती, भांडी होती, लाज होती. त्यांना हवा होता तो शिधा, तोही शेजाऱ्याला न कळता. गल्लीतल्या मंडळांनी, महिला मंडळांनी सणाच्या निमित्ताने पिशव्या पोचवायला सुरुवात केली, त्यामागे हे समजणं होतं.

नेमक्या याच प्रश्नावर देशपातळीवर उलट दिशेचा निर्णय झाला. 1995 पासून शाळकरी मुलांसाठीच्या योजनेत बहुतेक ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य घरी दिलं जाई. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेत शिजवलेलं जेवणच द्या. किमान 300 कॅलरी, 8 ते 12 ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान 200 दिवस. तेव्हा आक्षेप बरेच घेतले गेले. मास्तरांनी शिकवायचं की चूल फुंकायची? रांधणार कोण, आणि तिच्या हातचं सगळी मुलं खातील का? हे शेवटचं कुजबुजत विचारलं जाई, पण विचारलं जाई. सोवळ्याचा तोच जुना प्रश्न नव्या पोशाखात आला होता. मी या निर्णयाच्या बाजूचा आहे. घरी गेलेलं तीन किलो धान्य पाच तोंडांत वाटलं जातं. ताटात वाढलेलं त्या एका मुलाच्या पोटात जातं, आणि ते शेजारी बसलेल्या मुलाबरोबर खाल्लं जातं.

मग 2020 आलं. 25 मार्चला इंदुरात संचारबंदी लागली, 30 तारखेपासून काही दिवस किराणा दुकानंही बंद होती. त्या आठवड्यात दोन्ही पद्धतींची एकदमच परीक्षा झाली. वस्त्यांमध्ये पीठ, डाळ, तेलाच्या पिशव्या हव्या होत्या, कारण घरात चूल होती आणि बाहेर पडायला बंदी. एकट्या खोलीत राहणारे विद्यार्थी आणि ठेक्यावरचे मजूर यांना त्याच पिशव्या निरुपयोगी. शेगडी नाही, खानावळ बंद. बायपासवरून महाराष्ट्राकडून उत्तरेला पायी जाणाऱ्यांना तर पीठ देऊन काय उपयोग? तिथे पुरी-भाजी, केळी, पाणी, आणि तापलेल्या रस्त्यासाठी चपला दिल्या गेल्या. कुणी ठरवून दिलं नव्हतं, तरी चार-सहा दिवसांत मंडळांनी कामं वाटून घेतली. आतल्या वस्त्यांत शिधा, हमरस्त्यावर जेवण. अडीचशे वर्षांपूर्वीची विभागणी गरजेपोटी पुन्हा उभी राहिली. या शहराबद्दल मला सर्वांत जास्त अभिमान त्या चार-सहा दिवसांचा आहे.

सरकारी मोफत धान्य तेव्हापासून सुरू राहिलं, पण त्यासाठी पात्रता पर्ची, म्हणजे रेशनची हक्कचिठ्ठी लागते, पर्चीसाठी समग्र आयडी हा मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक, आणि लाभार्थ्यांची मर्यादा अजून 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. झाबुआ-अलीराजपूरहून बांधकामावर आलेलं कुटुंब इंदुरात असतं आणि त्याची नावं गावाकडे. ‘एक देश एक राशन कार्ड’मुळे काहींचं धान्य इथे मिळू लागलं, पण अंगठा जुळला नाही की त्या दिवशी परत फिरावं लागतं. संस्थांच्या यादीत बहुतेक हीच नावं असतात.

शिजवलेल्या बाजूला दीनदयाल रसोई ही राज्य सरकारची स्वस्त थाळीची योजना आहे. एप्रिल 2017 मध्ये पाच रुपयांत थाळी, 2021 मध्ये दहा रुपये, 2023 मध्ये पुन्हा पाच. केंद्रं बरीचशी स्थानिक संस्थाच चालवतात. थाळी फुकट का नाही, यावर अजून वाद होतो. पैसे देऊन जेवणाऱ्याची मान ताठ राहते, असं एक म्हणणं. ज्याच्याकडे पाचही नाहीत त्याचं काय, हे दुसरं. काही ठिकाणी देणगीदार आगाऊ पैसे भरून जातात आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो.

एमवाय, म्हणजे महाराजा यशवंतराव या मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर संध्याकाळी हे सगळं एकत्र दिसतं. धार, बडवानी, खरगोनहून आलेले नातेवाईक, वाटपाच्या गाड्या, लग्नसराईत केटररकडून आलेलं उरलेलं अन्न. उरलेल्या अन्नासाठी 2019 पासून केंद्राचे नियम आहेत, म्हणून अन्न केव्हा शिजलं हे विचारून लिहून घेणारा एक स्वयंसेवक आता गाडीबरोबर असतो. रांगेतली काही माणसं ताट न घेता विचारतात, पीठ मिळेल का? गावाकडून आणलेलं संपलेलं असतं, रुग्णाचा मुक्काम अजून आठ-दहा दिवसांचा, आणि धर्मशाळेच्या आवारात चूल लावायची परवानगी मिळालेली असते.