मुलांसाठी मस्टँग शिंगरू: दत्तक अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि स्पर्धा

आमच्या लेकीनं रानटी शिंगरू माणसाळवून स्पर्धेत उतरायचं मनावर घेतलं, तेव्हा मी पहिल्यांदा स्पर्धेचा अर्ज भरायला बसले. सुरुवात तिथून करायची नसते. अमेरिकेत यासाठी दोन दारं ठोठवावी लागतात: स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेचं आणि सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं, म्हणजे बीएलएमचं. वेळ खातं ते दुसरं. त्यामुळे टेक्सास, कॅलिफोर्नियाकडच्या ज्या मराठी घरांत हा विषय निघाला असेल, त्यांनी आधी सरकारी बाजू पक्की करावी.

मस्टँग म्हणजे स्पॅनिश लोकांनी आणलेल्या आणि पुढे मोकळ्या सुटलेल्या घोड्यांचा वंश. नंतर त्यात इतरही रक्त मिसळलं. १९७१च्या कायद्यानं त्यांना संरक्षण मिळालं. पश्चिमेकडच्या १० राज्यांत बीएलएम त्यांची देखरेख करतं आणि सर्वांत जास्त घोडे नेवाडात आहेत. कुरणाला पेलवत नाहीत इतके झाले की काही पकडून आणतात आणि दत्तक देतात.

अर्ज कोणाच्या नावानं?
मुलाच्या नावानं होत नाही. दत्तक घेणारी व्यक्ती किमान १८ वर्षांची लागते, म्हणून अर्ज आई, वडील किंवा पालकाच्या नावानंच करायचा. प्राण्यांशी क्रूर वागल्याबद्दल शिक्षा झालेली नसावी, चारा-पाण्याची आणि जागेची सोय अमेरिकेतच असावी. दत्तक शुल्क किमान १२५ डॉलर. लिलाव असेल तर बोली वर जाते. बीएलएमच्या केंद्रावर जाऊन किंवा त्यांच्या ऑनलाइन लिलावातून जनावर निवडता येतं. स्पर्धेसाठी मात्र शिंगरू कुठून आणि कसं घ्यायचं, ते त्या स्पर्धेचे नियम सांगतात.

जागा
अर्ज अडतो तो बहुतेक इथेच. अर्जात जागेचा नकाशा काढून मापं लिहायची असतात. एका जनावरामागे किमान ४०० चौरस फूट, म्हणजे २० बाय २० फुटांचं कुंपण. दीड वर्षांवरच्या घोड्याला कुंपण ६ फूट उंच लागतं, त्याहून लहान शिंगराला ५ फूट चालतं. काटेरी तार चालत नाही. आडोशाला छप्पर हवं. घोडा हाताळता येईपर्यंत त्याला मोठ्या कुरणात सोडायचं नाही, कारण तिथून त्याला परत धरणं जवळपास अशक्य असतं.

आपल्यापैकी बहुतेकांची घरं अशा वसाहतीत असतात जिथे घोडा ठेवता येत नाही. आम्ही ओळखीच्या एका शेतावर जागा भाड्यानं घेतली. मालकाची परवानगी लेखी घ्या, कुंपणाचे आणि आडोशाचे फोटो काढून ठेवा. पुढे वर्षभरात अधिकारी प्रत्यक्ष पाहायला येऊ शकतात.

आणायच्या दिवशी मजबूत मोहोरकी, लांब दोर आणि ट्रेलर आपला न्यायचा. घोडा पाय उचलून आत चढेल असा ट्रेलर हवा. उताराची फळी असलेला चालत नाही. आम्ही ठरवलेला ट्रेलर नेमका फळीवाला निघाला आणि आदल्या रात्री दुसरा शोधावा लागला. हे फोनवर आधीच विचारून घ्या.

दत्तक करारात काय लिहिलंय
घोडा ताब्यात मिळाला तरी पहिलं वर्षभर मालकी सरकारचीच असते. तो विकता येत नाही, कोणाला देऊन टाकता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी किंवा दुसऱ्याच्या हाती ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर आधी परवानगी लागते. मूल दमलं म्हणून घोडा दोन महिने प्रशिक्षकाकडे पाठवायचा विचार असेल, तर हे कलम नीट वाचा. घोडा मेला, पळाला किंवा चोरीला गेला तर ७ दिवसांत कळवायचं.

स्पर्धा
मस्टँग हेरिटेज फाउंडेशननं एक्स्ट्रीम मस्टँग मेकओव्हर ही स्पर्धा २००७मध्ये सुरू केली. तिचा मुलांचा गट ८ ते १७ वयासाठी असायचा. त्यात घोड्यावर बसायचं नसायचं. लहान शिंगरू हातात दोर धरून चालवायचं, पाय उचलून दाखवायचे, अडथळ्यांवरून न्यायचं. तयारीला मिळायचे साधारण तीन-साडेतीन महिने. ज्या वर्षी उतरायचं त्या वर्षीची नियमावली वाचूनच अर्ज भरा. मुलाच्या वयाचा पुरावा, पालकाच्या सहीचं जबाबदारीपत्र, जागेची आणि अनुभवाची माहिती हाताशी ठेवा. घोड्याची कॉगिन्स नावाची रक्तचाचणी गेल्या १२ महिन्यांतली लागते, आणि राज्याची हद्द ओलांडायची तर पशुवैद्याचा आरोग्य दाखलाही.

पहिले आठ दिवस आमचं शिंगरू लेकीला जवळ फिरकू देईना. नवव्या दिवशी ती बादली पालथी घालून त्याच्याकडे पाठ करून बसली, पुस्तक वाचत. बऱ्याच वेळानं ते मागून आलं आणि तिच्या वेणीवर फुंकर टाकून मागे सरलं. तिनं मान वळवली नाही. त्याच संध्याकाळी तिचा हात पहिल्यांदा त्याच्या मानेला लागला, डाव्या बाजूला, जिथे पांढऱ्या केसांची टोकेरी चिन्हं असतात. अतिथंड धातूनं उमटवलेली ती खूण म्हणजे त्याचा सरकारी क्रमांक, जन्मवर्षासकट. ती कागदावर उतरवून घ्या, जवळजवळ प्रत्येक अर्जात विचारतात. पाय उचलू द्यायला मात्र त्यानं महिना घेतला, आणि नालबंदाला पहिल्यांदा बोलावलं ते त्यानंतरच.

स्पर्धा उरकली तरी फाइल बंद करू नका. घोड्याचं आयुष्य २५-३० वर्षांचं, नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येणार, आणि मूल उद्या कॉलेजला जाणार. त्या खर्चाचं आणि वेळेचं बोलणं अर्ज भरण्याआधीच घरात व्हायला हवं. वर्ष पुरं झालं की मालकीचा अर्ज येतो. घोड्याची नीट निगा राखली जातेय, अशी पशुवैद्याची किंवा बीएलएमला चालेल अशा जाणकाराची सही त्यावर घेऊन तो परत पाठवायचा. मालकीपत्र हाती पडलं की घोडा तुमचा.