फोर्जिंगच्या सिम्युलेशनमधला ‘रिजिड’ आला कुठून?

जळगाव एमआयडीसीतल्या फोर्जिंगच्या, म्हणजे धातू दाबून घडवण्याच्या, छोट्या शेडमध्येही हल्ली डाय (साचा) कापण्याआधी ‘एकदा सिम्युलेशन करून घ्या’ म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये जॉबचं, म्हणजे घडायच्या तुकड्याचं, मटेरियल रिजिड-प्लॅस्टिक (लवचिकता गाळलेलं) धरायचं की इलॅस्टो-प्लॅस्टिक (लवचिकतेसकट), हे ठरवावं लागतं. बरेच जण आहे तेच ठेवून पुढे सरकतात.

संगणकाआधी टनेज, म्हणजे दाबायला लागणारं बळ, स्लॅब पद्धतीने (जॉबचे पातळ काप कल्पून) हातानेच काढत आणि धातू कसा वाहील हे बघायला प्लॅस्टिसिनचे रंगीत थर दाबून पाहत. 1970च्या दशकात जॉब बारीक तुकड्यांच्या जाळीत विभागून गणित करणारी फायनाइट एलिमेंट पद्धत फोर्जिंगला लागली, पण तेव्हाच्या मशीनला एवढं गणित झेपेना. मग लवचिकतेचा हिस्साच गाळला. हिशोब साधा होता: 1200 अंशांवरच्या पोलादात लवचिक स्ट्रेन (मापातला बदल) 0.1 टक्क्याच्या आसपास, आणि डाय भरताना एकूण स्ट्रेन सहज 100 टक्क्यांच्या वर.

घोळ नावाने केला. ‘रिजिड’ वाचून नव्या पोराला वाटतं, जॉब कडक धरलाय. प्रत्यक्षात तो यील्डपर्यंत, म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो त्या ताणापर्यंत, हलत नाही, त्यापुढे घट्ट पाकासारखा वाहतो. त्यात डायलाही ‘रिजिड’च म्हणतात, आणि ती मात्र खरोखर न वाकणारी धरलेली असते, तिच्यावरचा ताण नंतर वेगळा काढायचा. एका स्क्रीनवर एकच शब्द, अर्थ दोन.

गाळलं काय, ते मांडे करणारी बाई लगेच सांगेल. कणीक नीट मुरली नसेल तर हातावर वाढवलेला मांडा आखडतो. धातूचं हे आखडणं रिजिड-प्लॅस्टिकमध्ये दिसतच नाही. गरम कामात त्यावाचून अडत नाही. लॅप (धातूची घडी) कुठे पडेल, फ्लॅश (डायच्या फटीतून बाहेर येणारा जादा धातू) किती जाईल, हे नीट कळतं. थंड फोर्जिंगच्या बोल्टला मात्र डायमधून सुटल्यावरचं माप आणि आत उरलेला ताण दोन्ही हवे असतात. तिथे ‘आहे तेच’ रिजिड-प्लॅस्टिक ठेवणं म्हणजे शुद्ध आळस.

1990च्या दशकात जाळी आपोआप नव्याने विणली जाऊ लागली, त्रिमितीय जॉब आवाक्यात आले. दशकाच्या अखेरीस जाळी जागेवर ठेवून धातूच तिच्यातून वाहवणारी फायनाइट व्हॉल्यूम पद्धत आली. जाळी फाटायचा प्रश्न मिटला, पण पातळ फ्लॅशसाठी ती फारच बारीक करावी लागे.

आता संगणक स्वस्त झाले, तर सगळंच इलॅस्टो-प्लॅस्टिकमध्ये चालवा, असा आग्रह धरला जातो. गरम जॉबला तो वेळेचा अपव्यय. ग्राफाइट मारलेल्या डायला घर्षणाचा आकडा 0.3 धरायचा की कोरड्या डायचा 0.7, यानेच टनेज लवचिकता धरण्या-न धरण्यापेक्षा जास्त हलतं.