विमानाच्या काचेवर टेप कुठून आला?

जळगाव-धुळ्याकडची मॉडेल बनवणारी पोरं हल्ली किटसोबत एक तळहाताएवढा चिकट पिवळा कागदही मागवतात. त्यावर कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाच्या, प्रत्येक काचेचा आकार आधीच कापलेला असतो. चिमट्यानं एकेक तुकडा उचलायचा, काचेवर नेमका बसवायचा, वरून एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेनसारखं अवजार, फिरवायचा. रंग वाळल्यावर कागद सोलला की फ्रेमवर रंग राहतो आणि काच स्वच्छ निघते. या खटाटोपात पूर्वी अख्खा रविवार जायचा. पण हा तयार कागद फार उशिरा आला. त्याआधी मॉडेलवाल्यांनी काचेवर जे जे चिकटवलं, ते जवळजवळ सगळं दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यासाठी बनलेलं होतं.

मुळात ही डोकेदुखी खऱ्या विमानांकडून आली. १९३० च्या दशकात वेग वाढला तसं वैमानिकाचं डोकं उघड्या वाऱ्यात ठेवणं जमेना. काच जड, शिवाय फुटली की घात. त्याच सुमारास जर्मनीत डार्मश्टाटच्या ओटो र्‍योम यांच्या कंपनीनं १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास बाजारात आणलं आणि इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीनं पर्स्पेक्स काढलं. दोन्ही म्हणजे आपण आज दुकानांच्या पाट्यांना वापरतो तेच अ‍ॅक्रिलिक. ते तापवून वाकवता येई, पण मोठा, सलग आणि नजरेला न फसवणारा फुगा काढणं सुरुवातीला अवघड होतं. म्हणून छोटे तुकडे घ्यायचे आणि धातूच्या पट्ट्यांत बसवायचे. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या काचेचा पिंजरा तसाच तयार झाला. हाइन्केल १११ या जर्मन बॉम्बफेकी विमानाचं तर अख्खं नाक काचेच्या तुकड्यांचं. युद्ध संपत आलं तोवर मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या डी आवृत्तीवर पिंजरा जाऊन सलग फुगा आला, पण मॉडेलवाल्यांना ओढ नेमकी पिंजऱ्यांचीच! एक इंच रुंदीची खरी पट्टी १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर उरते. तेवढी रेघ सरळ रंगवायची, आणि तीही वाकड्या काचेवर.

लाकडाच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. लाकूड कोरून विमान करायचं आणि काचेच्या जागी काळा किंवा निळसर रंग द्यायचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळकरी मुलांकडून विमानं ओळखण्याच्या सरावासाठी लाखो मॉडेलं करून घेतली गेली, ती तर काचेसकट काळीठिक्कर असत. आकाशात दिसते ती बाह्याकृतीच फक्त कळायला हवी होती. हौशी लोक पुढे लाकडाच्या साच्यावर तापवलेलं सेल्युलॉइड दाबून काच काढू लागले. इंग्लंडमध्ये फ्रॉग कंपनीनं १९३६ मध्ये पेंग्विन नावानं प्लास्टिकचे किट आणले आणि १९५३ मध्ये एअरफिक्स कंपनीचं स्पिटफायर या लढाऊ विमानाचं पहिलं किट आलं. त्यानंतर पॉलिस्टायरिन या प्लास्टिकची पारदर्शक कॅनोपी किटच्या खोक्यातच मिळणं हळूहळू नेहमीचं झालं. पॉलिस्टायरिन हे मात्र नाजूक प्रकरण. जहाल थिनर लागला की त्यात केसासारख्या भेगा पडतात, आणि फेविक्विकच्या वाफेनंही ते पांढुरकं होतं.

त्या काळात फ्रेम ब्रशनं रंगवत. हात स्थिर असेल तर ठीक, नसेल तर वाळलेला रंग टूथपिकनं खरवडायचा. काहींनी वेगळी वाट काढली होती. पारदर्शक चिकटपट्टीवर रंग देऊन तिच्याच बारीक पट्ट्या कापायच्या आणि काचेवर फ्रेम म्हणून चिकटवायच्या. म्हणजे झाकायचं काहीच नाही. माझ्या मते ही युक्ती आजही टाकाऊ नाही, विशेषतः १/७२ मधल्या सरळ पट्ट्यांसाठी.

झाकण्याची खरी गरज आली ती एअरब्रशनं. हे अवजार एकोणिसाव्या शतकातलं, चित्रकारांचं आणि फोटो रंगवणाऱ्यांचं. मॉडेलवाल्यांच्या टेबलावर ते सर्रास दिसू लागलं १९७० नंतर. फवारा कड ओळखत नाही, त्यामुळे जिथे रंग नको तिथे काहीतरी लावणं आलंच.

हाताशी होता मास्किंग टेप. तो जन्मला मोटारींसाठी. अमेरिकेत सेंट पॉलच्या थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्रू सँडपेपरचे नमुने घेऊन गॅरेजमध्ये जात असे. दोन रंगांची गाडी तेव्हा फॅशनमध्ये होती आणि कारागीर वर्तमानपत्र डिंकानं चिकटवून अर्धी गाडी झाकत. कागद काढताना नवा रंगही सोलून येई, मग शिव्याशाप. ड्रूनं १९२५ मध्ये चुण्यांच्या क्रेप कागदाचा टेप काढला. धुळ्यात आग्रा रोडच्या गॅरेजांत डेंटिंग-पेंटिंगवाले आजही पेपर आणि टेप लावूनच गाडी झाकतात. गाडीला तो टेप उत्तम, पण कॅनोपीवर त्याच्या चुण्यांखालून रंग शिरतो आणि कड करवतीच्या दातांसारखी येते.

मग शोधाशोध सुरू झाली. कुणी प्रयोगशाळेत नळ्यांची तोंडं बंद करायचं पॅराफिल्म ताणून लावलं. कुणी गाड्यांच्या मॉडेलवर क्रोम दाखवायचा बेअर-मेटलचा फॉइल वापरला. मॉडेलचे रंग बनवणाऱ्या हम्ब्रोल कंपनीनं मॅस्कॉल नावाचं जांभळं, रबरी द्रव आणलं. ब्रशनं लावायचं, वाळलं की सोलायचं. वाकड्या काचेवर ते झकास बसतं, पण कड मात्र तुमच्या हाताइतकीच सरळ येते. अमेरिकेत तर लोकांनी फरशी चमकवायचं फ्युचर पॉलिश कॅनोपीवर चढवलं. काच त्यात बुडवून काढली की बारीक ओरखडे दिसेनासे होतात, आणि टेप लावल्यावर तेच पॉलिश कडेनं फिरवलं तर खालून रंग शिरत नाही.

या सगळ्यांवर मात केली ती जपानी कागदी टेपनं. जपानमधल्या कुराशिकीची कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये सुरू झाली ती माश्या पकडायचा चिकट कागद बनवण्यासाठी. पुढे तिनं वाशी नावाच्या पातळ जपानी कागदाचे मास्किंग टेप काढले, तेही कारखान्यांसाठी आणि गाड्यांसाठी. त्याच जातीचा पिवळा टेप तामिया या जपानी मॉडेल कंपनीनं मॉडेलवाल्यांसाठी ६, १० आणि १८ मिलिमीटर रुंदीत विकायला घेतला. हा कागद पातळ असतो, थोडा वळतो आणि अर्धवट आरपार दिसतो. हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा. टेप काचेवर घट्ट बसवून टूथपिकच्या टोकानं फ्रेमच्या कडेला दाबत गेलं की खालची उंचवट्याची कड टेपवर गडद रेघ होऊन उमटते. त्या रेघेवरून नवं ब्लेड फक्त स्वतःच्या वजनानं चालवायचं. जोर दिला की काचेवर कायमचा ओरखडा. ब्लेडसाठी मॉडेलच्या दुकानाचीही गरज नाही. मेडिकलमध्ये ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं आणि त्याला ३ नंबरची मूठ चालते.

रंगाचा क्रमही ठरलेला. काच आरपार दिसते, म्हणून फ्रेमवर आधी कॉकपिटच्या आतला रंग मारायचा आणि मग बाहेरचा. काचेतून आत डोकावल्यावर फ्रेमची आतली बाजू आपोआप बरोबर दिसते.

तयार कापलेले मास्क, म्हणजे काचेच्या आकाराचे ते झाकायचे तुकडे, आले ते कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीन स्वस्त झाल्यावर. १९८९ मध्ये सुरू झालेली चेक कंपनी एडुआर्ड या कामात नावाजली. तिचे सुरुवातीचे मास्क व्हायनिलचे, म्हणजे चिकट प्लास्टिकचे होते, नंतर पिवळ्या कागदी टेपचे आले. आता तिच्या प्रोफीपॅक नावाच्या किटमध्ये ते खोक्यातच असतात.

खान्देशात ही मंडळी थोडीच. त्यातल्या अनेकांचं पहिलं विमान मिग-२१, कारण आग्रा रोडनं नाशिककडे जाताना लागणारं ओझर आणि तिथला मिग बनवलेला एचएएलचा विमान कारखाना सगळ्यांच्या ओळखीचा. मिगच्या काचेला पट्ट्या मोजक्याच, त्यामुळे शिकायलाही ते बरं. अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की टेपचा गोंद मऊ पडून काचेवर चिकटा सोडतो, आणि एअरब्रशचा रंग काचेवर पोहोचायच्या आधीच वाळून पूड होतो. म्हणून काचेचं काम पहाटे उरकायचं, टेप लावण्याआधी एकदा हाताच्या पाठीवर चिकटवून त्याची पकड कमी करायची आणि त्याच दिवशी सोलायचा. मॅस्कॉल मिळालं नाही तर पातळ थर देऊन वाळवलेलं फेविकॉलही चालतं, फक्त रंग पाण्याचा नको.

आणि तयार मास्कसाठी दरवेळी परदेशी पाकीटच लागतं असंही नाही. नंबरप्लेटवर नावं आणि देवाची चित्रं कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे कटिंग मशीन असतंच. आकार कॉम्प्युटरवर काढून फाइल दिली आणि स्वतःचा कागदी टेप नेला, तर १/४८ च्या सपाट काचांचे मास्क तो कापून देऊ शकतो. त्याच्याकडचं व्हायनिल मात्र घेऊ नये. गोलाईवर त्याची कड उचलते आणि रंग आत शिरतो. १/७२ चे हाइन्केलचे तुकडे त्या मशीनवर नीट निघत नाहीत, कोपरे फाटतात. तिथे अजून ११ नंबरचं ब्लेडच.