टॉमी गन, दारूबंदी आणि कॅग्नीची चाल : हॉलिवूडच्या जुन्या गँगस्टरपटांची पार्श्वभूमी

हॉलिवूडचा नट एडवर्ड जी. रॉबिन्सन याला पिस्तुलाचा बार सहन होत नसे. ‘लिटल सीझर’ या गँगस्टरपटाच्या चित्रीकरणात चाप ओढला की त्याचे डोळे आपसूक मिटायचे. शेवटी दिग्दर्शक मर्व्हिन लरॉयने त्याच्या पापण्या पारदर्शक चिकटपट्टीने वर चिकटवून ठेवल्या, तेव्हा कुठे त्याचा रिको बँडेलो हा गुंड न दचकता गोळ्या झाडू लागला, असं सांगतात. हा माणूस घरी सेझान आणि रेन्वारची चित्रं जमवायचा. १८९३ साली बुखारेस्टमध्ये जन्मलेला, मूळ नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग, लहानपणीच घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आलेला. ठेंगणा, जाड ओठांचा, नायक म्हणून कुणी वळूनही बघणार नाही असा. आणि तरीही नव्वदहून अधिक वर्षं झाली, गँगस्टर म्हटलं की तोंडात सिगार धरलेला त्याचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो.

हे कसं झालं, ते समजून घ्यायला अमेरिकेतल्या दारूबंदीपासून सुरुवात करावी लागते.

१७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू तयार करणं, विकणं आणि वाहून नेणं हा गुन्हा ठरला. पिणं मात्र गुन्हा नव्हता. कायद्यातली ही फट एवढी मोठी होती की तिच्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. चोरटी बिअर गाळणारे, कॅनडातून व्हिस्की आणणारे, गुपचूप गुत्ते चालवणारे आणि या सगळ्यांना संरक्षण देऊन पैसे उकळणारे, अशी साखळी शहराशहरांत तयार झाली. साधा, एरवी कायदा पाळणारा माणूस संध्याकाळी गुत्त्याचं दार ठोठावत होता. म्हणजे गुंड हा आता गल्लीतला चोर राहिला नव्हता. लोकांना हवी असलेली वस्तू पुरवणारा तो व्यापारी झाला होता. शिकागोच्या गुंडांचा म्होरक्या अल कपोन स्वतःबद्दल नेमकं हेच सांगत असे. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा देश हादरला. पण वर्तमानपत्रांचा खपही वाढला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. पुढच्या तीन-चार वर्षांत कामकरी माणसांपैकी साधारण चौथा माणूस बेकार झाला. १९३० च्या हिवाळ्यात शिकागोत बेकारांना फुकट सूप वाटणारं एक केंद्र उघडलं, आणि त्याचा खर्च कपोन करत होता. बँका बुडत होत्या, मालक माणसांना घरी पाठवत होते आणि गुंड सूप वाटत होता. प्रेक्षक थेटरात शिरला तो हे सगळं डोक्यात घेऊन.

गुंडांचे सिनेमे त्याआधी नव्हते असं नाही. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९१२ सालीच न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतल्या टोळ्यांवर एक छोटा मूकपट केला होता. १९२७ च्या ‘अंडरवर्ल्ड’ची कथा बेन हेक्टची होती. तो शिकागोत बातमीदार होता, गुन्हेगारांना जवळून पाहिलेला. या कथेसाठी त्याला पहिल्याच ऑस्कर समारंभात बक्षीस मिळालं. पण माझ्या मते खरा गँगस्टरपट जन्मला तो आवाजाबरोबर. वॉर्नर ब्रदर्सने १९२८ मध्ये काढलेला ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ हा पहिला संपूर्ण बोलपट, आणि तो गुत्ते व गुंडांवरचाच होता. सिनेमा म्हणून तो कंटाळवाणा आहे, पात्रं मायक्रोफोन लपवलेल्या जागेभोवती खिळल्यासारखी उभी राहून बोलतात. तरी लोक गेले, कारण ऐकायला मिळत होतं. पुढे टॉमी गन या हातातल्या मशीनगनचा तडतडाट, वळणावर किंचाळणारे टायर, काच फुटल्याचा आवाज, रात्री वाजणारा टेलिफोन हे सगळं आलं. आणि आली बोली. मूकपटात गुंड हा फक्त टोपी खाली ओढलेला माणूस होता. बोलपटात त्याला गल्ली मिळाली, हेल मिळाला, शिवी गिळताना अडखळणारी जीभ मिळाली.

वॉर्नर ब्रदर्सनेच हे ओळखावं, यात नवल नाही. पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातले हे चार भाऊ. त्यांचा स्टुडिओ काटकसरी होता. झगमगीत महाल उभारण्यापेक्षा वर्तमानपत्रातली ताजी बातमी उचलून आठवड्यांत सिनेमा उभा करणं त्यांना परवडायचं. ओली फरसबंदी, एक दिव्याचा खांब, एक गाडी, की झाला देखावा. आज त्या काळ्यापांढऱ्या शैलीचं आपण कौतुक करतो, तिच्यामागे बराचसा हात पैसे वाचवण्याचा होता.

जानेवारी १९३१ मध्ये ‘लिटल सीझर’ आला. रिको पेट्रोल पंप लुटण्यापासून सुरुवात करतो आणि शहराचा दादा होतो. मोठ्या साहेबाची टायपिन आणि गालिचे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते रॉबिन्सनने फार बारकाईने केलंय: हाव आहे, पण तिच्यात गरीब घरातल्या पोराचं दिपून जाणंही आहे. शेवटी तो एका मोठ्या जाहिरातफलकाआड गोळ्या खाऊन पडतो. फलकावर त्याच्या जुन्या मित्राचं नाव असतं, गुंडगिरी सोडून नर्तक झालेल्या मित्राचं. “हे दयाळू माते, रिकोचा शेवट तो हाच का?” असं तो विचारतो. स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात. मरतानाही त्याला आपल्या नावाचं अप्रूप आहे.

तीनच महिन्यांनी ‘द पब्लिक एनिमी’ आला आणि त्याने जेम्स कॅग्नी दिला. याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण मला हे सगळं प्रकरण कॅग्नीपाशीच उलगडतं असं वाटतं.

कॅग्नी १८९९ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला जन्मला आणि यॉर्कव्हिल भागात वाढला. बाप बारमध्ये दारू ओतायचा आणि स्वतः त्याहून जास्त प्यायचा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो गेला. शेजारीपाजारी इतके ज्यू होते की हा आयरिश वंशाचा पोरगा त्यांची यिडिश भाषा बोलायला शिकला. रंगमंचावरचं त्याचं पहिलं काम बायकांच्या कपड्यांत नाचण्याचं होतं. मूळचा तो नाच्याच. हे एकदा लक्षात घेऊन त्याचा गँगस्टर बघा: तो उभा राहतो ते पायाच्या चवड्यांवर, मारायला जातो तो ताल धरून, जिना उतरतो तेव्हा पावलं मोजल्यासारखी पडतात. आधी ‘पब्लिक एनिमी’तली मुख्य भूमिका एडवर्ड वुड्सला दिली होती आणि कॅग्नी त्याच्या मित्राच्या कामात होता. थोडं चित्रीकरण झाल्यावर दिग्दर्शक विल्यम वेलमनने दोघांची अदलाबदल केली. त्या एका निर्णयाने सिनेमाचा इतिहास वळला, असं म्हणायला मी कचरत नाही.

याच सिनेमात तो नाश्त्याच्या टेबलावर मे क्लार्कच्या तोंडावर अर्धं कापलेलं ग्रेपफ्रूट दाबतो. हा प्रसंग लोक गमतीने सांगतात. मला तो आजही बघवत नाही, आणि तो तसाच बघायला हवा. कॅग्नीचा टॉम पॉवर्स किती हलका माणूस आहे हे त्यात उघडं पडतं. दुसऱ्या एका प्रसंगात टॉम भिंतीच्या कोपऱ्याआड सटकतो आणि त्याच भिंतीचे टवके उडतात. त्या गोळ्या खऱ्या होत्या, एका नेमबाजाकडून झाडून घेतलेल्या. आणि शेवट: घरात ग्रामोफोनवर गाणं चालू आहे, टॉम रुग्णालयातून घरी येणार म्हणून आई वरच्या मजल्यावर त्याचा बिछाना घालतेय, भाऊ दार उघडतो, आणि बँडेजात गुंडाळलेलं प्रेत ओंडक्यासारखं आत कोसळतं. गाणं वाजतच राहतं. इतका निष्ठुर शेवट त्यानंतरही फार थोड्यांना जमला.

तिसरा ‘स्कारफेस’, १९३२ चा. निर्माता हॉवर्ड ह्यूज, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, लेखनात पुन्हा बेन हेक्ट. नायक पॉल म्युनी हा यिडिश रंगभूमीवर घडलेला नट, आणि नाणं वर उडवत उभा राहणारा जॉर्ज राफ्ट हा न्यूयॉर्कचा नर्तक, ज्याची खऱ्या गुंडांशी उठबस होती. सेन्सॉरने या चित्रपटाला महिनोन् महिने छळलं. गुंडांचा निषेध करणारं एक भाषणवजा दृश्य मध्येच घुसवलं गेलं, ‘देशाची लाज’ अशा अर्थाचं उपशीर्षक जोडलं गेलं, आणि एक पर्यायी शेवटही चित्रित झाला, ज्यात नायकाला रीतसर फाशी होते. त्या शेवटात म्युनी नाहीच. दुसऱ्याच माणसावर तो उरकला आहे.

म्युनी पूर्व युरोपातल्या लेंबर्गचा, रॉबिन्सन बुखारेस्टचा, कॅग्नी आयरिश बापाचा. पडद्यावर त्यांनी इटालियन आणि आयरिश गुंड केले ते बाहेरून आलेल्यांच्या वस्तीत वाढलेल्या पोरांच्या अंगाने. वर जायचं, चांगला सूट शिवायचा, आईला पैसे आणून द्यायचे, ही त्यांच्या शेजारच्या प्रत्येक पोराची इच्छा होती. ज्या वाटा सरळ होत्या त्या मंदीने बंद केल्या होत्या. म्हणून रिको किंवा टॉम मेला की प्रेक्षकाला न्याय झाल्याचं समाधान मिळायचं आणि पोटात कुठेतरी तुटायचंही.

हे तुटणंच सेन्सॉरला खुपत होतं. हॉलिवूडने १९३० साली स्वतःच एक आचारसंहिता मान्य केली होती: गुन्ह्याविषयी सहानुभूती वाटता कामा नये. चार वर्षं ती कागदावरच राहिली. १९३४ मध्ये कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचा धाक घातल्यावर जोसेफ ब्रीन या कडक माणसाच्या हाती तिची अंमलबजावणी गेली. त्याच वर्षी २२ जुलैच्या रात्री बँका लुटणारा जॉन डिलिंजर शिकागोच्या बायोग्राफ थेटरातून बाहेर पडताना मारला गेला. आत तो क्लार्क गेबलचा ‘मॅनहटन मेलोड्रामा’ बघत होता, दोन बालमित्रांची गोष्ट: एक गँगस्टर होतो, दुसरा सरकारी वकील.

मग स्टुडिओने युक्ती केली. पिस्तूल तेच, हेल तोच, फक्त कॅग्नीच्या खिशात पोलिसी बिल्ला. १९३५ च्या ‘जी मेन’मध्ये तो सरकारी माणूस झाला आणि सिनेमा धो धो चालला. हंफ्री बोगार्ट याच सुमारास आला. हा मात्र झोपडपट्टीतला नव्हता. मॅनहटनच्या शल्यचिकित्सकाचा मुलगा. ‘द पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नाटकातली त्याची गुंडाची भूमिका सिनेमात त्यालाच मिळावी म्हणून त्याचा सहनट लेस्ली हॉवर्ड अडून बसला. बोगार्टने पुढे मुलीचं नाव लेस्ली ठेवलं. त्यानंतर कितीतरी सिनेमांत बोगार्टचं काम एवढंच, की कॅग्नी किंवा रॉबिन्सनच्या हातून मरायचं. १९४१ चा ‘हाय सिएरा’ राफ्टने नाकारला म्हणून त्याच्या वाट्याला आला आणि त्याचा थकलेला, उशिरा सुटलेला कैदी लोकांच्या मनात घर करून बसला. कॅग्नीने १९४९ मध्ये ‘व्हाइट हीट’ केला. तुरुंगाच्या जेवणघरात आई मेल्याचं कळल्यावर तो जो ओरडतो, तो आवाज त्याने लहानपणी वेड्यांच्या इस्पितळात ऐकलेल्या किंकाळ्यांवरून घेतला होता.

हे चित्रपट टिकले त्यात टेलिव्हिजनचा वाटा मोठा आहे. १९५६ मध्ये वॉर्नरने आपला जुना साठा विकला आणि रात्री-अपरात्री घरोघर कॅग्नी दिसू लागला. हार्वर्डजवळच्या ब्रॅटल थेटरात विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत बोगार्टचे सिनेमे बघायला गर्दी करू लागले. पॅरिसमध्ये दिग्दर्शक गोदारच्या ‘ब्रेथलेस’चा नायक पोस्टरवरच्या बोगार्टसमोर उभा राहून अंगठा ओठांवरून फिरवतो. पुढे कपोला आणि डी पाल्मा या दिग्दर्शकांनी या वारशावर आपापली घरं बांधली. डी पाल्माने १९८३ चा ‘स्कारफेस’ हॉक्स आणि हेक्टलाच अर्पण केला.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये, याला कारण आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि शिकागोत झालं तेच इथे झालं: परमिट, हातभट्ट्या, हप्ते. वरदराजन मुदलियारसारख्यांचं बस्तान त्याच चोरट्या दारूवर बसलं. कायद्याच्या दोन बाजूंना उभ्या ठाकलेल्या दोन भावांचा ‘दीवार’ १९७५ मध्ये आला तेव्हा, त्याने हॉलिवूडकडून काय घेतलं हा वाद बाजूला ठेवला तरी, गोदीत हमाली करणारा विजय कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मला विचाराल तर या सगळ्यांत पुन्हा पुन्हा बघावा असा १९३८ चा ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’. कॅग्नीचा रॉकी सुलिव्हन वस्तीतल्या पोरांचं दैवत आहे. खांदे उडवत बोलण्याची त्याची लकब कॅग्नीने यॉर्कव्हिलच्या नाक्यावर दिवसभर उभ्या असणाऱ्या एका माणसाकडून उचलली होती. रॉकीला विजेच्या खुर्चीची शिक्षा होते. त्याचा बालमित्र, आता पाद्री, त्याला शेवटचं एक मागणं मागतो: पोरांनी तुझ्या वाटेने जाऊ नये म्हणून भेकडासारखा मर. रॉकी नाही म्हणतो. ताठ चालत जातो. आणि खोलीत पोचताच रडू लागतो, गयावया करतो, नळ्यांना घट्ट धरून ठेवतो. आपल्याला दिसतात ते भिंतीवरच्या सावल्या आणि त्याचे हात. सेन्सॉरला हवी होती तशी गुंडाची पुरती फजिती झाली. पण ती भीती खरी होती की मित्रासाठी केलेलं शेवटचं नाटक? कॅग्नीने ते मुद्दाम दोन्ही अर्थ निघतील असंच केलं होतं, आणि पुढे कितीही वर्षं लोक विचारत राहिले तरी त्याने एका बाजूने कौल दिला नाही.